आधी तारीख, मग सही

माजिवड्यातल्या आमच्या बचत गटांच्या बैठका संपल्या की हल्ली एखादी ताई मागे थांबते, पिशवीतून घडी घातलेला कागद काढते आणि म्हणते, "हे जरा वाचून सांगा." कागद जुन्या क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचा असतो. आज त्याविषयीच बोलू या.

सगळ्यात आधी कागद कोणाचा आहे ते बघा. वकिलाची किंवा वसुली कंपनीची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. लोकअदालतीची नोटीस आली आणि दावा अजून दाखल झालेला नसेल, तर तडजोड करायची की नाही हे आपल्या मर्जीवर असतं. पण तिथे सही केली की तो निवाडा कोर्टाच्या हुकुमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाही.

कोर्टाचं समन्स मात्र वेगळं. त्यावर कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर आणि तारीख असते. नेहमीच्या दाव्यात लेखी म्हणणं मांडायला ३० दिवस मिळतात. 'समरी सूट' म्हणजे संक्षिप्त दावा असेल, तर १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. ज्याच्या नावाचं समन्स आहे तो घरी नसला, तर ते घरातल्या मोठ्या बाईच्या हातीही देता येतं. म्हणून घरात भांडण नको म्हणून ते डब्यामागे लपवू नका. दिवस निघून जातात आणि एकतर्फी निकाल लागतो.

आता तारखांकडे वळू. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशा पैशांच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते. म्हणून शेवटचा भरणा कधी केला, हे पासबुकात शोधा. करोनाच्या काळातले १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हे दिवस सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळले आहेत, तेही हिशोबात धरा. मुदत संपायच्या आत आपण लेखी कबुली दिली, किंवा थोडे पैसे भरून तसं लिहून दिलं, तर ३ वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. मुदत संपल्यावरसुद्धा "मी हे पैसे देईन" असं लिहून सही केली, तर त्या कागदावर दावा होऊ शकतो. एजंट म्हणतो, "ताई, आज ५०० रुपये भरा आणि इथे सही करा, मग त्रास नाही." त्या सहीची किंमत ५०० रुपयांपेक्षा खूप मोठी असू शकते.

कार्ड नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर असेल आणि आपण जामीन नसू, तर "मी भरते" असं आपण लिहून द्यायचं कारण नाही.

घेतलेले पैसे फेडावेत, हे गटात आम्हीच सांगतो. मुदत शिल्लक आहे आणि रक्कम बरोबर आहे, तर हिशोब मिटवावा. पण मूळ रक्कम किती, व्याज किती, दंड किती, हे बँकेकडे लेखी मागा. त्या पत्रात "ही कर्जाची कबुली नाही" असं लिहायला विसरू नका. तडजोड ठरली तर आधी बँकेचं पत्र घ्या, मग पैसे भरा, आणि शेवटी थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. खात्यात पैसे नसताना चेक देऊ नका. चेक परत गेला तर फौजदारी खटला होऊ शकतो.

"पोलीस येऊन घेऊन जातील का?" हा प्रश्न प्रत्येक ताई विचारते. साधी थकबाकी हे दिवाणी प्रकरण आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ प्रमाणे पैशांच्या हुकुमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही. कलम ६० प्रमाणे स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, गरजेचे कपडे आणि धर्माच्या रूढीने बाईने अंगावरून उतरवायचे नसतात असे दागिने जप्त होत नाहीत. वसुली एजंटाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. तरी फोन आले तर तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. आपल्याला कोर्ट नाक्यावरच्या ठाणे जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. फोन करायचा असेल तर नंबर आहे १५१००. जाताना समन्स पाकिटासकट, दाव्याची प्रत, कार्डाची स्टेटमेंटं, पासबुक आणि आधार कार्ड न्या. समन्स कोणत्या दिवशी हाती आलं, ते पाकिटावरच लिहून ठेवा.

तेव्हा मैत्रिणींनो, कागद लपवायचा नाही आणि घाबरून सहीही करायची नाही. आधी तारीख बघायची. एकटीने जायला धीर होत नसेल तर गटातल्या दोघींना सोबत घ्या.