तांब्यावर कोरलेली गीता

आमच्या लोणंदच्या स्टेशनावरून मिरजेकडे जाणारी गाडी निघाली, कीं मला एका तांबटाची आठवण होते. त्याची हकीगत आज सांगावयाची आहे.

सतराव्या शतकांत युरोपांत तांब्याच्या पत्र्यावर वेलबुट्टी, महिरपी व फुलांचे हार कोरून त्यांचे ठसे कागदावर उतरविणारे पुष्कळ कारागीर होते. सोनार, सुतार व कशिदा काढणारे लोक ते कागद समोर ठेवून काम करीत. त्या कारागिरांपैकीं बहुतेकांचीं नांवें आज कोणी घेत नाहीं. याच रीतीनें आपली नागरी लिपिही प्रथम परदेशांत छापली गेली. इ. स. १६७८ सालीं ॲम्स्टरडॅम येथें निघालेल्या ‘होर्तुस मलाबारिकुस’ या वनस्पतिग्रंथांत रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या वैद्यांचें कोंकणी प्रमाणपत्र नागरी अक्षरांत आहे.

पेशवाईच्या अखेरीस ही विद्या पुण्यास आली. इंग्रज वकील मॅलेट याच्या उत्तेजनानें एक तांबट कोरणी शिकला व नाना फडणिसांनीं त्याच्याकडून गीता छापविण्याचें योजिलें, असें सांगतात. परंतु १७९७ सालीं मॅलेट गेला. १८०० सालीं नाना वारले. तेव्हां मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनीं त्या कारागिरास आश्रय दिला, आणि १८०५ सालीं मिरजेस गीता छापून निघाली.

सातशें श्लोक! ठसा उलटा उमटतो. म्हणून प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी आरशांत दिसते तशी उलटी कोरावयाची. त्याच वर्षीं श्रीरामपुरास केरीसाहेबांचें मराठी व्याकरण सुट्या खिळ्यांनीं छापलें गेलें. खिळे सोडवून दुसरा ग्रंथ जुळवितां येतो. कोरलेला पत्रा मात्र एकाच मजकुराचा. साहजिकच पुढील काळ खिळ्यांचा झाला व तांबट मागें पडला.

मीं तीस वर्षें मुलांना पेशवाई शिकविली. मिरजेची गीता ती पटवर्धनांनीं छापली, एवढेंच सांगत आलों. एकदां एका मुलानें विचारलें, “गुरुजी, पण अक्षरें कोरलीं कोणीं?” “तें परीक्षेस नाहीं,” असें म्हणून मीं त्यास खालीं बसविलें. मुलगा तांबटाच्या घरचा होता. त्या उत्तराची मला आज लाज वाटते.

श्रोतेहो, घरांतील जुन्या भांड्यावर मालकाचें नांव कोरलेलें असतें. तें मुलांस वाचून दाखवाल, तेव्हां तेथेंच थांबूं नका; कोरणाऱ्या हाताचीही त्यांस आठवण द्या.