अठरा वर्षें भरलीं, आतां जावें कोठें?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या घरीं मुलगा अठरा वर्षांचा झाला म्हणजे बाप त्याच्या हातीं नांगर नाहीं तर वाकस देतो. त्याला घराबाहेर काढीत नाहीं. धंदा बुडाला तरी रात्रीं भाकरी व घोंगडी ठरलेली असते. पण ज्यांना आईबाप नाहींत, जीं मुलें बालगृहांत वाढलीं, त्यांचें काय? २०१५ सालच्या बालन्याय कायद्याप्रमाणें बालगृहाचा आसरा अठरा वर्षें पुरीं होईपर्यंत. पुढें पेटी उचलावी व दार ओलांडावें.

सरकारनें कांहींच केलें नाहीं, असें मी म्हणत नाहीं. एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची सोय त्याच कायद्यांत आहे. मिशन वात्सल्य योजनेंत दरमहा ४००० रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं अनाथांना शिक्षणांत व नोकरींत एक टक्का आरक्षण दिलें. पण अर्ज कोठें करावा, हें त्या पोराला सांगणारा कोण? खोली मागावयास गेलें तर मालक विचारतो, "गांव कोणतें? जामीन कोण?" तेथेंच गाडें अडतें. खोली नाहीं म्हणून काम टिकत नाहीं, व काम नाहीं म्हणून खोली मिळत नाहीं. मग पोर स्टेशनच्या फलाटावर निजतें.

हा प्रश्न आपल्या वडिलांनीं पूर्वींच हातीं घेतला होता. जोतीरावांनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें. तेथें आलेल्या एका विधवेचें मूल त्यांनीं व सावित्रीबाईंनीं आपलें म्हणून वाढविलें. तोच यशवंत पुढें डॉक्टर झाला, व १८९७ च्या प्लेगांत रोग्यांच्या उशाशीं उभा राहिला. ज्याला जगांत जागा नव्हती, त्यानें दुसऱ्यांना जीव दिला!

शाहू महाराजांनीं १९०१ पासून कोल्हापुरांत निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठीं बोर्डिंगें उभीं करविलीं. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली, व १९२४ सालीं साताऱ्यास बोर्डिंग काढलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवलीं. धान्य संपलें तेव्हां लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धां दिलें. पण पोरांना आयतें बसवून ठेविलें नाहीं. तीं स्वतः राबलीं व शिकलीं. आसरा आणि कष्ट हीं दोन्ही चाकें जोडलीं, म्हणून गाडी चालली.

आतां आपण काय करावयाचें? मोठी इमारत नको. गांवांतल्या पांच घरांनीं एक पोर धरावें. एकानें खोली किंवा पडवी द्यावी व पत्त्याला आपलें नांव द्यावें. सुतारानें, गवंड्यानें, शिंप्यानें त्याला हाताखालीं घ्यावें. चार अक्षरें शिकलेल्यानें त्याच्याबरोबर जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयांत जावें व त्याच्या हक्काचें मिळवून द्यावें. दिवाळीला त्याला घरचें आमंत्रण असावें. आजारी पडला तर कोणीतरी विचारणारें असावें. मुलगी असेल तर तिला घरांतल्या बाईच्या नजरेखालीं ठेवावी, व तिलाही मुलासारखाच धंदा शिकवावा.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतों. आसरा दिला म्हणून फुकट राबवून घेऊं नका. तो धर्म नव्हे, ती वेठ आहे. वेठीनें आपल्या वाडवडिलांच्या पाठी मोडल्या; त्या वेठीचे धनी आपण होऊं नये. कामाचा दाम चोख द्या. आणि जात विचारूं नका. ज्याला आपले आईबाप ठाऊक नाहींत, त्यानें ती सांगावी तरी कोठून?

कोणी म्हणेल, "चोरी करील तर?" अहो, पोटचीं पोरें चुकत नाहींत काय? आपण त्यांना रागें भरतों, पण त्यांचें ताट उचलून टाकीत नाहीं. तेवढाच धीर परक्या पोराला द्या. पहिलें पीक कधीं कधीं बुडतें. म्हणून कुणबी पेरणी सोडीत नाहीं.

सभा उठण्यापूर्वीं प्रत्येक आळींतून एक तरी नांव लिहून द्या. कोण पडवी देणार, कोण धंदा शिकविणार, कोण जामीन राहणार, एवढें सांगा. टाळ्या नकोत, नांवें हवींत.