पीटर डोहर्टी : पशुवैद्यक ते प्रतिकारशास्त्रज्ञ



१९४० साली ब्रिस्बेन येथे जन्मलेले पीटर डोहर्टी मुळात पशुवैद्यक. मेंढ्यांच्या विषाणूजन्य मेंदूज्वरावर त्यांनी एडिंबरो येथे पीएच.डी. मिळविली. पुढे कॅनबेरा येथे रोल्फ झिंकरनागेल या स्विस सहकाऱ्यासह १९७३ च्या सुमारास त्यांनी उंदरांवर जे प्रयोग केले, त्यांस १९९६ चे नोबेल पारितोषिक लाभले. हे साल आपणांस पाठ असते. प्रयोग मात्र क्वचितच कोणी सांगतो!

विषाणूची लागण झालेल्या उंदराच्या टी-पेशी स्वतःच्या बाधित पेशी नष्ट करीत. परंतु बाधित पेशी भिन्न जनुकीय वाणाच्या उंदराची असल्यास, विषाणू तोच असूनही, तिला त्या सोडून देत. म्हणजे टी-पेशी केवळ विषाणूला ओळखत नाही. त्याचा अंश स्वशरीराच्या एमएचसी रेणूसमवेत दिसला, तरच ती आघात करते. अवयवरोपणात अडथळा ठरणाऱ्या या रेणूंचे मूळ प्रयोजन काय, हे कोडे त्यातून उलगडले.

त्यानंतर डोहर्टी इन्फ्लुएन्झाकडे वळले. या विषाणूचे बाह्य आवरण सतत बदलते, त्यामुळे जुनी प्रतिपिंडे निष्प्रभ ठरतात. अंतर्गत प्रथिने तुलनेने स्थिर असल्याने टी-पेशींची स्मृती मात्र काही अंशी उपयोगी पडते. सर्व प्रकारच्या इन्फ्लुएन्झावर चालेल अशा लसीचा शोध आजही याच आशेवर चालू आहे.