चाळीस वर्षांचा परराष्ट्रमंत्री

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंत्री म्हटलं की आपल्यापुढे पाच वर्षांचा हिशेब येतो. खातं बदललं की बंगला बदलतो, पाटी बदलते. आज मी ज्या मंत्र्याबद्दल बोलणार आहे त्यांच्या दारावरची पाटी १९६३ साली लागली आणि २००३ साली उतरली. मधलं दीडेक वर्ष सोडलं तर चाळीस वर्षं एकच माणूस एकाच देशाचा परराष्ट्रमंत्री होता. देश कुवेत, माणूस शेख सबाह अल-अहमद अल-जाबर अल-सबाह.

आमच्या रत्नागिरी-रायगडच्या खाडीपट्ट्यात कुवेत हे नाव शेजारच्या गावासारखं घेतलं जातं. त्यात नवल नाही. १९६१पर्यंत कुवेतच्या बाजारात आपला रुपयाच चालत होता. १९५९मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या होत्या. कुवेतची गलबतं खजूर घेऊन मुंबईला यायची आणि मलबारचं लाकूड घेऊन परत जायची. तेलाच्या आधीची ही ओळख.

शेख सबाह यांचा जन्म १९२९चा. वडील अमीर, म्हणजे राज्यकर्ते. राजघराण्यातल्या मुलाला मंत्रिपद मिळालं यात कर्तबगारी काय, असं कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. लोकांनी निवडून दिलं म्हणून ते त्या खुर्चीवर आले नव्हते. पण खुर्ची मिळणं वेगळं आणि अशा जागी टिकणं वेगळं. नकाशा पाहा. उत्तरेला इराक, दक्षिणेला सौदी अरेबिया, पाण्यापलीकडे इराण. तीन थोरल्या घरांमध्ये एक लहानशी खोली, आणि त्या खोलीखाली तेल.

१९६१च्या जूनमध्ये कुवेत स्वतंत्र झालं आणि आठवडा उलटायच्या आत इराकच्या अब्दुल करीम कासिम यांनी 'हा तर आमचाच मुलूख' म्हणून दावा ठोकला. इंग्रजांचं सैन्य परत बोलवावं लागलं. युनोच्या दारात गेले तर सोव्हिएत रशियाने नकाराधिकार वापरला. कासिम यांची सत्ता गेल्यावर, १४ मे १९६३ रोजी कुवेत युनोचं १११वं सभासद झालं. तिथे आपल्या देशाचा झेंडा चढवणारे परराष्ट्रमंत्री हेच होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात इराकनेही मान्यता दिली.

त्याआधीची एक गोष्ट मला, कविता लिहिणाऱ्या माणसाला, अधिक जवळची वाटते. मंत्री होण्याआधी ते छपाई आणि प्रकाशन खातं बघत. त्या काळात, १९५८च्या डिसेंबरात, 'अल-अरबी' नावाचं मासिक निघालं. संपादक नेमले ते इजिप्तचे अहमद झकी, पेशाने रसायनशास्त्रज्ञ. किंमत स्वस्त, आणि वाचक मोरोक्कोपासून इराकपर्यंत. फौजेने नाव कमावता येत नाही, तेव्हा छापील पानाने कमवावं, हे त्या एवढ्याशा देशाला फार लवकर कळलं होतं.

पुढे त्यांचं मुख्य काम दुसऱ्यांची भांडणं सोडवण्याचं झालं. उत्तर आणि दक्षिण येमेन लढले, तेव्हा १९७९च्या मार्चमध्ये दोघांना कुवेतमध्येच समोरासमोर बसवलं. ओमान आणि दक्षिण येमेन यांचा समेट १९८२चा. आपल्या उपखंडातलाही एक प्रसंग आहे, तो फारसा कुणाला आठवत नाही. १९७४च्या फेब्रुवारीत लाहोरला इस्लामी शिखर परिषद भरली होती. पाकिस्तान बांगलादेशाला मान्यता देत नव्हता आणि मान्यतेशिवाय शेख मुजीब यायला तयार नव्हते. तेव्हा मुस्लिम देशांचं जे शिष्टमंडळ ढाक्याला गेलं, त्याचे प्रमुख शेख सबाह होते. २२ फेब्रुवारीला पाकिस्तानने मान्यता जाहीर केली आणि मुजीब लाहोरला पोहोचले.

इराण-इराक युद्धात मात्र हा तोल राहिला नाही. कुवेतने इराकला अब्जावधी डॉलरची कर्जं दिली. ज्याला पैसे दिले त्यानेच २ ऑगस्ट १९९० रोजी पहाटे सैन्य घातलं. त्या दिवशी दसमान राजवाड्यापाशी शेख सबाह यांचे भाऊ शेख फहद मारले गेले. हे फहद म्हणजे १९८२च्या दिल्ली एशियाडच्या वेळी स्थापन झालेल्या आशियाई ऑलिम्पिक समितीचे पहिले अध्यक्ष. सत्तावीस वर्षं जपलेलं सगळं एका सकाळीत गेलं.

आमचे मामू तेव्हा तिथे एका गोदामात मुकादम होते. बसरा, बगदाद करत वाळवंटातून अम्मानला पोहोचले. खिशात कुवेती दिनार होते, ते कुणी हातात घेईना. तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. अशी सुमारे १,७०,००० माणसं त्या वेळी विमानांनी आणली गेली. आपले परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल यांनी बगदादला जाऊन सद्दामना आलिंगन दिलं. त्या छायाचित्रावरून कुवेती आजही नाक मुरडतात. मामू म्हणायचे, "बाबा, त्या गळाभेटीमुळे मी घरी आलो असेन, तर मला तिचं वाईट वाटत नाही." मला दोन्ही बाजू कळतात, आणि निवाडा करायचा मोह मी टाळतो.

सुटकेनंतर कुवेतचा सूर कडक झाला. ज्यांनी सद्दामची बाजू घेतली त्यांना 'विरोधातले देश' असं नाव पडलं. तिथल्या सुमारे चार लाख पॅलेस्टिनींपैकी बहुतेकांना जावं लागलं. त्यांतल्या पुष्कळांचा जन्म तिथलाच होता. जोडणाऱ्या मंत्र्याच्या कारकिर्दीतलं हे पान दुखरं आहे. ते वगळून त्यांचं चरित्र सांगू नये.

२००३मध्ये ते पंतप्रधान झाले. १६ मे २००५ रोजी कुवेती बायकांना मतदानाचा हक्क मिळाला, तो त्यांच्या सरकारने संसदेत रेटला म्हणून. २००६मध्ये ते अमीर झाले. पण त्यांच्याच अमदानीत अमीरावर टीका केली म्हणून लोक तुरुंगात गेले, आणि लाखाच्या वर 'बिदून', म्हणजे कुठलंच नागरिकत्व नसलेली माणसं, तशीच राहिली. 'अल-अरबी' निघालं त्या देशात हे व्हावं, याचं मला जास्त वाटतं.

उतारवयात त्यांची जुनी सवय परत दिसली. सीरियातल्या निर्वासितांसाठी २०१३पासून ओळीने तीन वर्षं कुवेतमध्ये देणगीदार देशांच्या परिषदा भरल्या. २०१८च्या फेब्रुवारीत तर इराकच्या उभारणीसाठी परिषद भरली, आणि सुमारे ३० अब्ज डॉलरची आश्वासनं जमली. होय, त्याच इराकसाठी.

जून २०१७मध्ये सौदी अरेबिया, अमिरात, बहारीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले. रमजान चालू होता. वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी हा माणूस विमानात बसला आणि दोन दिवसांत सौदी, अमिरात आणि कतार करून आला. बोलणी साडेतीन वर्षं रेंगाळली. शेवटी ५ जानेवारी २०२१ रोजी सौदीतल्या अल-उला इथे समेट झाला. शेख सबाह २९ सप्टेंबर २०२० रोजीच गेले होते. त्या परिषदेला ओमानचे सुलतान काबूस आणि शेख सबाह, अशी दोन दिवंगतांची नावं दिली होती.