टोकावड्याचा सातबारा



आम्ही गिरणीत राबणारी माणसं. चार यत्ता शिकलो, तेवढ्यात जे कळलं ते सांगतो.

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे निघालं की वाटेत टोकावडे लागतं. सभोवार भाताची खाचरं, वरकस जमिनीवर नाचणी-वरई, डोंगरकडेला ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसात चिखलात वाकून आवणी करायची. खळं उरकलं की कित्येक कुटुंबं वीटभट्टीची वाट धरतात.

पुढे वैशाखऱ्याच्या वर नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहनांचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. यज्ञात किती गाई दिल्या, किती नाणी दिली, त्याचा आकडेवार हिशेब दगडात कोरला आहे. पण भात पिकवणाऱ्याचं नाव कोणी कोरलं?

त्याचं नाव लागलं ते कागदावर, आणि तेही झगडून! १९४८ साली कुळकायदा झाला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारं कूळ कायद्यानं मालक मानलं गेलं. १ मे १९६० ला मराठी भाषेचं राज्य झालं. हुतात्म्यांनी रक्त सांडलं, ते कचेरीतला कागद गरिबाला त्याच्या भाषेत कळावा म्हणूनसुद्धा.

मग तो कागद आपण वाचतो का? आज सडकेकडेच्या जमिनीला भाव आला आहे. दलाल मोटारीतून येतो, रोकड दाखवतो, कोऱ्या कागदावर अंगठा मागतो. आमच्यातल्या कितीकांच्या आज्यांनी असाच अंगठा दिला आणि गिरणीच्या भोंग्यामागे धावले. १९८२ च्या संपानंतर मुंबईतल्या गिरण्याही गेल्या. गावी परतायला बांध उरला नव्हता!

म्हणून सांगतो. दरसाल सातबारा काढा. सातमध्ये मालक, कूळ आणि बोजा पाहा, बारामध्ये पीक पाहा. फेरफाराची नोटीस निघाली की पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या, पोच घ्या. वारसनोंदीत लेकींची नावं गाळू नका. आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून बिगर-आदिवासीला विकत घेता येत नाही. १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ तसं सांगतं. दलाल ते सांगणार नाही, आपणच वाडी-वाडीवर सांगायचं.

ज्याला वाचता येत नाही, त्याला घरच्या पोरानं सातबारा वाचून दाखवावा. शाळेतली मराठी त्याच कामी आली पाहिजे.

जय महाराष्ट्र!