पी.टी.चा तास



शाळेसाठी आपण काय करावं, याची चर्चा सकाळपासून चालली आहे. संगणक कक्षाला निधी द्यावा, असं बहुतेकांचं म्हणणं. गेली वीस वर्षं माझी रोजीरोटी संगणकावरच चालते, तेव्हा माझा विरोध असायचं कारण नाही. पण मला बोलायचंय ते मैदानाबद्दल.

५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल असं खेळावं-धावावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. याच संघटनेच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ११ ते १७ वयाची जगातली ८१ टक्के शाळकरी मुलं तेवढी हालचाल करत नाहीत. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के आहे.

आपण लगेच मोबाईलकडे बोट दाखवतो. ते काही अंशी खरंही आहे. पण एक कारण मोबाईलच्या आधीपासूनचं आहे. दोन कप्तान गडी वाटून घ्यायचे, आठवतं? शेवटी उरणाऱ्या दोघी-तिघींत मी ठरलेली. ज्याला झेल जमत नाही त्याच्याकडे कोणी चेंडू टाकत नाही, आणि कोणी टाकत नाही म्हणून त्याला झेल कधीच जमत नाही. पाचवी-सहावीपर्यंत मूल स्वतःच ठरवून टाकतं, 'खेळ आपलं काम नाही.' मग पी.टी.च्या दिवशी नेमकं पोट दुखतं, नाहीतर बूट घरी राहतात.

धावणं, उडी मारणं, फेकणं, झेलणं, तोल सांभाळणं ही शरीराची बाराखडी आहे. ती शिकवावी लागते. अक्षरं न शिकवता आपण कुणाकडून निबंध लिहून घेत नाही. मैदानावर मात्र चाळीस मुलांत एक चेंडू टाकून 'खेळा' म्हणतो.

सर, तुम्ही तसं कधी केलं नाहीत. खो-खोच्या आधी तुम्ही लंगडी घेतलीत. मग नुसतं बसल्या जागेवरून उठून पळणं, मग पाठीला हात लावून खणखणीत 'खो' देणं, मग खांबाला वळसा आणि सगळ्यात शेवटी सामना. 'पहिली कोण आली' यापेक्षा 'मागच्या आठवड्यापेक्षा किती सुधारलीस' हे तुम्ही आधी विचारायचात. आमच्या कामातही नव्या मुलांना पहिल्या दिवशी मोठी जबाबदारी देत नाहीत, छोटं पण पूर्ण होईल असं काम देतात. ते जमलं की पुढचं काम तीच मागून घेतात.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी हेच मांडलं आहे. माणसाला आतून उमेद यायला तीन गोष्टी लागतात: थोडी निवडीची मोकळीक, आपल्याला जमतंय ही जाणीव आणि आपली माणसं सोबत आहेत हा विश्वास. शिक्षा म्हणून मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या, तर यातलं काहीच मिळत नाही. धावणं ही शिक्षा असते, एवढंच मूल शिकतं.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिला आणि पुरुष, दोन्ही विजेतेपदं भारताने जिंकली. महिला संघाची कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. तिचा अभिमान आहेच. पण मला काळजी आहे ती संघात कधीच न निवडल्या जाणाऱ्या मुलीची. चाळिशीतही तिला पळता यावं, पाय घसरला तर तोल सावरता यावा.

म्हणून दुपारच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. निधीचा चौथा हिस्सा मैदानासाठी ठेवावा: दोन मुलांमागे एक मऊ चेंडू, दोरीच्या उड्यांसाठी दोऱ्या आणि आखायला चुना. आठवी-नववीत मुली मैदानावरून हळूच नाहीशा होतात. त्यांच्यासाठी आतून कडी लागणारी, कपडे बदलायची एक खोली बांधावी आणि खेळाच्या तासाला ट्रॅकपँटची मुभा असावी. तिसरी विनंती गुरुजनांना: दहावीच्या वर्गाचाही पी.टी.चा तास गणिताला देऊ नये.

गणिताच्या बाई समोरच बसल्या आहेत आणि हसताहेत. बाई, पहिलं अनुमोदन तुमचंच हवं.