वीज नसलेल्या दोन रात्री

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही चार कुटुंबांच्या वतीने बोलत आहोत. काही वर्षांपूर्वी भाऊबीज आटोपल्यावर आम्ही लहानथोर मिळून नागझिऱ्याच्या जंगलात दोन रात्री राहून आलो, त्याची ही हकिगत.

हल्ली मोठ्या शहरांतली माणसे भरपूर पैसे मोजून वीज नसलेल्या झोपडीत राहायला दूर डोंगरात जातात. आपल्याला तेवढे लांब जायला नको. वारासिवनीहून बालाघाट, गोंदिया करीत निघालो की सकाळचा चहा घरी आणि दुपारची शिदोरी रानाच्या वेशीवर. व्यंकटेश माडगूळकरांनी ज्याच्यावर 'नागझिरा' लिहिले आणि किरण पुरंदरे जिथे चारशे दिवस राहिले, तेच हे रान. १९७० मध्ये ते अभयारण्य झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आले. आपल्याला ते परकेही नाही. १९५६ पर्यंत भंडारा आणि बालाघाट एकाच प्रांतात होते. प्रांत तुटला, पण वैनगंगा आजही इकडूनच तिकडे वाहते.

तलावाकाठी वनविभागाची लाकडी घरे. वीज नाही, मोबाईलला रेंज नाही. आमच्यात एक आजी होत्या, वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या इन्सुलिनची काळजी होती. फ्रिज नव्हता, म्हणून एक लहान माठ नेला. बाटली डब्यात बंद करून डबा माठात ठेवला आणि माठाला ओले फडके गुंडाळले. दोन्ही दिवस काही अडले नाही. टॉर्च आणि जादा सेल माणशी घेतले होते. शेकोटीला परवानगी नसते, तेव्हा स्वेटर-शाली बरोबर होत्या.

पहिल्या संध्याकाळी सात वाजताच मिट्ट अंधार झाला. चंद्राची कोर लवकर मावळली. मुलांचे मोबाईल तासाभरात निरुपयोगी झाले आणि "आता काय करायचं?" सुरू झाले, तेही हिंदीत. आपल्या घरात हे नवे नाही. शाळा हिंदी, बाजार हिंदी. आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो.

आम्ही मोठी माणसे मात्र अंधाराचे गुणगान करीत बसलो होतो. किती शांत, किती तारे, पूर्वीचे लोक किती सुखी! आजी बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुमाले अंधाराचं कवतिक वाटते. तुमी दोन रातीचे पाव्हणे. आमी त अर्धा जलम अंधारात काढला. माझी लहानी बहीण सांदवाडीत गेली होती, हातात दिवा नव्हता. साप चावला. सकाळ पाहली नाही तिनं."

कोणी काही बोलले नाही. तलावाच्या पलीकडे एक चितळ ओरडले, तेवढेच.

थोड्या वेळाने एका मुलाने हळूच विचारले, "आजी, सांदवाडी म्हणजे?" विचारले मराठीत. आजी सांगू लागल्या. घरामागची सांदवाडी, पुढची सपरी, गावची बोडी, बंडी जुंपून दंडार पाहायला जाणे, परतताना चाकांच्या आवाजावर लागणारी झोप. आणि मधूनमधून ती बहीण. त्या बहिणीचे नाव आमच्यापैकी कोणीही, आजींच्या मुलानेसुद्धा, तोवर ऐकले नव्हते. पन्नास-साठ वर्षे एका घरात राहूनही ही गोष्ट निघाली नव्हती. रात्री जेवणानंतर कधी टीव्ही लागलेला असे, कधी आम्हाला घाई असे.

दुसऱ्या रात्री मुले आपणहून आजींजवळ येऊन बसली.

आज त्या आजी नाहीत. त्यांच्या बहिणीचे नाव मात्र आता घरातल्या लहानांनाही ठाऊक आहे.

आम्हाला एवढेच कळले की अंधारात पुण्य नाही. दिवा आला हे फार चांगले झाले, आणि जंगलाच्या कडेच्या गावांनाही तो मिळायलाच हवा. आम्हाला तिथे लाभले ते वेगळेच होते. एकमेकांसमोर बसून राहण्यावाचून काही कामच उरले नव्हते.

ज्यांना जायचे असेल त्यांनी जरूर जावे. सध्या पावसाळ्यामुळे जंगल बंद आहे, ऑक्टोबरात उघडेल. आत मुक्काम करण्याचे नियम बदलत असतात, म्हणून आधी वनविभागाकडे चौकशी करावी. आत सोय नसेल तर वेशीवरच्या गावात राहावे. चार पैसे तिथल्या घरांना मिळतील. औषधे पुरेशी न्यावीत, आवाज आणि कचरा करू नये.

आणि ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी मंडळापुढे एक विनंती. रोषणाईवर आपण दरवर्षी हौसेने खर्च करतो. तो जरूर करावा. पण दहा दिवसांतल्या एका संध्याकाळी, आरती झाल्यावर, अर्धा तास माळा आणि लाऊडस्पीकर बंद ठेवावेत. बाप्पापुढची समई तेवढी असू द्यावी. घरातल्या वडीलधाऱ्यांना मधोमध बसवावे, मुलांनी विचारावे. आपल्यात ऐंशीच्या पुढची माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. हे पुढच्या वर्षावर ढकलू नये.

गणपती बाप्पा मोरया!